मगरीच्या पोटातल्या बांगड्या

बोरदरीच्या मगरीने आषाढातल्या एका मंगळवारी मूळकथा कचेरीत अर्ज दिला, तेव्हा तिच्या पोटात एकशे चाळीस वर्षांच्या बांगड्या होत्या. अर्जाला तिने सरकारी दवाखान्यात काढलेला पोटाचा फोटो जोडला होता. डबक्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी फोटोत वर्तुळांवर वर्तुळं दिसत होती.

मूळकथा कचेरी तहसिलीच्या माडीवर आहे, जन्ममृत्यूच्या खोलीला लागून. तालुक्यात सांगितली जाणारी गोष्ट मुळात कुठली, कोणी आणली, कोणी कुठे वळवली, याची दप्तरं तिथे असतात. एरवी त्या जिन्याला वर्दळ नसते. मगर चढायला लागली तशी पायरीपायरीला पोटातून किणकिण आली आणि खाली उभ्या असलेल्या लोकांना वाटलं, कोणाकडे तरी लग्न निघालं, बायका हात भरून आल्या. शिपायाने बाकावर ओलं पोतं अंथरलं. मगरीने अर्जाखाली पंजाचा ठसा दिला आणि ज्या वाटेने आली त्याच वाटेने हळूहळू उतरून गेली.

शुक्रवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, नोटीस निवृत्तीशेट तिवाटणे यांच्या दुकानात पोचली. निवृत्तीशेट म्हणजे बोरदरीचे कासार. तेव्हा त्यांच्या हातात एका बाईचा हात होता. गिऱ्हाइकाचा हात अर्ध्यावर सोडायचा नाही ही त्यांच्या घराण्याची शिस्त, म्हणून आधी दोन्ही हात भरून झाले, वरची एक आशीर्वादाची बांगडी घालून झाली, बाईने रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला, आणि मगच त्यांनी कागद उघडला.

'आपले पणजोबा कै. सावळाराम तिवाटणे, धंदा कासार, यांनी मगर व माहेरवाशीण या कथेचा शेवट विनापरवाना बदलल्याचे निदर्शनास आले आहे. सबब मूळ शेवट येत्या नागपंचमीस सकाळी दहा वाजता बोर नदीच्या पात्रात एकदा पूर्ण करून देण्यात यावा. त्याकामी लागणारी माहेरवाशीण बदल करणाऱ्याच्या घरातून पुरवावी. सदर लेक माहेरी न आल्यास अर्जदार मगरीस तिच्या सासरी जाण्याची मुभा राहील.'

निवृत्तीशेटना एकच लेक. शालन. नदीपलीकडे निंबगावात दिलेली, पदरी दोन मुलं. दर पंचमीला ती नावेने माहेरी यायची. नोटिशीत नाव लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती.

आता ही गोष्ट तिवाटण्यांच्या दुकानात का सांगितली जायची, ते कळलं पाहिजे. बांगडी भरणं हे जोराचं काम नाही. हाताचा चवडा दाबायचा, अंगठ्याचा सांधा आत सारायचा, पण बाईने हात आखडला की सगळं मुसळ केरात. बांगडी वाढते, हाताला काच लागते, बाई दुसऱ्या दुकानात जाते. म्हणून गोष्ट. गोष्ट ऐकता ऐकता बाई 'मग?' म्हणते, आणि 'मग?' म्हणताना माणसाचा हात सैल पडतोच पडतो. तेवढ्या एका क्षणात बांगडी सांध्यावरून सरकवायची. एकदा एका पैलवानाची बायको आली होती, चवडा फावड्यासारखा, तीन गावच्या कासारांनी तिला परत पाठवलेलं. निवृत्तीशेटनी मगर नावेच्या मधोमध आणून उभी केली आणि लहान मापाचा अख्खा चुडा तिच्या हातात चढवला. बाई घरी जाईपर्यंत बांगड्यांकडे बघायलाच विसरली म्हणतात.

गोष्ट अशी. माहेरवाशीण पंचमीला निघाली. नदीला पाणी. नाव मध्यावर आली आणि मगर आडवी झाली. म्हणाली, एक जीव द्या, तर वाट देते. पोरीने काय करावं? हातातल्या हिरव्यागार बांगड्या उतरवल्या आणि दिल्या मगरीपुढे टाकून. मगरीने गिळल्या, तृप्त झाली, वाट दिली. तेव्हापासून पंचमीला हात भरल्याशिवाय कोणी नदी ओलांडत नाही. पणज्याच्या या डोक्याचं निवृत्तीशेटना फार कौतुक होतं. शेवट चांगला, हात सैल, वर मालाला उठाव. शाळेत न जाता माणूस किती पुढचं बघतो याचा दाखला म्हणून ते ही हकीकत चारचौघांत सांगायचे.

सोमवारी ते जिना चढून गेले. मूळकथा अधिकारी इंगवले मॅडम टेबलाशी होत्या. मगर आधीच येऊन बाकावर बसली होती.

"या शेटजी. त्या टोकाला बसा, इकडे ओलं आहे," मॅडम म्हणाल्या.

"नमस्कार शेटजी," मगर म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता आणि प्रत्येक शब्दामागून किणकिण यायची. "तुमच्या वडलांना ओळखत होते मी. म्हणजे त्यांचा माल ओळखत होते."

"मगरबाई, एवढा त्रास होता तर आधी सांगायचं."

"कोणाला सांगू? तुम्ही मंडळी दिवसातून दहादा सांगता. दर खेपेला माझ्या पुढ्यात हातभर बांगड्या येऊन पडतात. गोष्टीत मी गिळते, मग मला गिळावंच लागतं. श्रावण जवळ आला की पोटात गोळा उठतो माझ्या. मागे त्या मोरपंखी निघाल्या होत्या ना, कंगोऱ्याच्या? त्या फार लागल्या."

"त्या मालाबद्दल बायकांचीही तक्रार होती," निवृत्तीशेट बोलून गेले. मग सावरून म्हणाले, "मॅडम, आजपासून गोष्ट बंद. जीभ उचलणार नाही."

"बंद करून भागत नाही. मूळ शेवट टांगलेला आहे. तो एकदा पुरा झाला की पोट मोकळं होतं. तोवर अर्जदार नुसती काचेवर आहे."

"मूळ शेवट काय आहे?"

मॅडमनी दप्तर उघडलं. "मगर जीव मागते. माहेरवाशीण जाते. शेवटी एक हात तेवढा वर दिसतो, बांगड्यांसकट. मग तोही दिसत नाही."

"तिला लहान मुलं आहेत हो."

मॅडमनी पान उलटून पाहिलं. "मूळ कथेत मुलांचा उल्लेख नाही," त्या म्हणाल्या. टाकून बोलायचं म्हणून बोलल्या नाहीत. खरंच उल्लेख नव्हता.

निवृत्तीशेट व्यापारी माणूस. एक दार लागलं की दुसऱ्याची कडी वाजवायची ही सवय. थोडा वेळ टोपी हातात फिरवून म्हणाले, "गोष्ट मुळात इथली नसेल तर? पणजा माझा पेटी घेऊन चार जिल्हे हिंडायचा. कुठून तरी उचलून आणली असेल."

"तसं निघालं तर अर्ज त्या गावाकडे वर्ग होईल. पुरावा आणा. पंचमीला सव्वीस दिवस आहेत."

"वर्ग झाला तर मला तिकडे जावं लागेल?" मगरीने विचारलं.

"लागेल."

"या वयात?" मगर म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.

निवृत्तीशेटनी दुकानाला कुलूप लावलं, बांगड्यांची पेटी पाठीला घेतली आणि गोष्टीच्या मागावर निघाले. नदीच्या वरच्या अंगाला पहिलं गाव कुंभारांचं. तिथेही मगर होती, माहेरवाशीणही होती, पण तिने टाकलं ते मडकं. "पक्कं भाजलेलं होतं म्हणून मगरीला चावता आलं नाही," कुंभार चाक न थांबवता म्हणाला. पुढे साळ्यांच्या गावात तिने लुगडं फेकलं, तेही चांगलं नऊवारी, आणि मगर त्यात गुंडाळली गेली. घाटमाथ्यावर मीठ विकणारे म्हणाले, मिठाचं पोतं टाकलं, मगर तहानेने नदी पिऊन गेली. एका वैद्याच्या घरी चूर्णाची पुडी होती. मगर त्याने झोपली आणि अजून उठलेली नाही, असं वैद्य शपथेवर सांगत होता.

धंद्यातला माणूस म्हणून निवृत्तीशेटना कौतुकच वाटलं. जो जे विकतो त्यानेच पोरीला वाचवलं होतं. पण गोष्ट आमच्याकडची असं लिहून द्यायला एकही जण तयार होईना. नोटिशीची बातमी त्यांच्या आधी गावोगाव पोचली होती.

"आमचीही मगर आहे ना बाबा खाली डोहात," कुंभार म्हणाला. "खापरं खाऊन खाऊन दात गेले तिचे. साधी आहे बिचारी, अर्ज लिहून देणारं कोणी भेटलं नाही अजून. तुम्ही कशाला तिला सुचवता? आणि खरं विचाराल तर ज्यांची नाव होती त्यांना जाऊन विचारा. आम्ही काठावरची माणसं, आम्हाला काय दिसणार?"

नाव भोयांची. बोरदरीच्या घाटाला अजून त्यांचीच नाव चालते, आणि ती ज्या घरातून निघते तिथे जाईबाई भोईण राहायची. वय ऐंशीच्या पुढे, पण वल्हं मारायला अजून दुसऱ्याच्या हाती देत नसे. निवृत्तीशेट तिच्या दारात पोचले तेव्हा पंचमीला नऊ दिवस उरले होते. म्हातारी जाळं दुरुस्त करत बसली होती.

"तुमच्यात कशी सांगतात मावशी, मगरीची?"

"आमच्यात सांगत नाहीत. माहीत असते नुसती," जाईबाई म्हणाली. "आम्हाला काय विकायचंय सांगून? आम्ही माणसं पोचवतो."

"मग मला सांगा."

तिने त्यांच्या पाठीवरच्या पेटीकडे पाहिलं. "पेटी खाली ठेव आधी." त्यांनी ठेवली. "नावेत तिघं होते. नावाडी, माहेरवाशीण, आणि कासार."

"कासार? आमच्यात नावेत कासार नाही."

"तुमच्यात कसा असेल? सांगणारा तोच."

निवृत्तीशेट पेटीशेजारी खाली बसले.

"मगर आडवी झाली. म्हणाली, हा पेटीवाला द्या, अंगाने भरलेला आहे, मला वर्षभर पुरेल. नावाड्याने वल्हं थांबवलं. कासार म्हणाला, थांब जरा. मग बाईकडे वळला आणि म्हणाला, ताई, हात इकडे करा बघू, एक बांगडी ढिली झालीय. तिने केला." जाईबाईने जाळ्याची गाठ दातांनी ओढली. "कासाराच्या हातात हात देताना बाई कधी विचार करते का रे? सैल सोडून दिला होता तिने. त्याने तो तसाच पुढे मगरीच्या तोंडात दिला. हात भरून झाल्यावर कासाराला नमस्कार करायची रीत असते ना तुमच्यात? तेवढी राहिली."

निवृत्तीशेटनी आपले हात पाहिले. चाळीस वर्षांत त्या हातांनी गावातल्या सगळ्या बायकांचे हात धरले होते, आणि पणज्याचं डोकं म्हणून ते ज्याचं कौतुक करत आले ते हे होतं.

"कासार उतरल्यावर बायका विचारायला लागल्या, पोर कुठे आहे?" जाईबाई पुढे म्हणाली. "तो म्हणाला, बांगड्या टाकून पार झाली, गेली माहेरी. हात भरता भरता सांगितलं. लोकांना पटलं. बरं वाटत असलं की पटतं. आम्ही चार पिढ्या बोललो नाही, अजूनही बोलणार नाही. तू म्हणशील तसं."

ती न बोलती तर पंचमीला शालन गेली असती. निवृत्तीशेटनी पेटी उचलली आणि विचारलं, "मावशी, कचेरीत याल?"

"जिना किती पायऱ्यांचा आहे?" म्हातारीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिघांचे जबाब झाले. इंगवले मॅडमनी जाईबाईचं सगळं लिहून घेतलं आणि मगरीकडे पाहिलं. "अर्जदार, तुम्ही मागितलं कोणाला होतं?"

मगर घुटमळली. "कासाराला. पण तोंड उघडं होतं, पुढे जे आलं ते गेलं. लहान होते मी तेव्हा."

"अर्जात का लिहिलं नाही?"

"अर्जात तसा रकाना नव्हता."

मॅडमनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. रकाना खरंच नव्हता. मग त्यांनी नवा कागद काढला. "शेटजी, गोष्टीचा हा पाठ नोंदवला की मागची नोटीस रद्द होते. मगरीचं मूळ मागणं पुरं करावं लागेल. नीट विचार करा."

"लेकीचं नाव निघेल?"

"निघेल. ती नावेत असायला हवी, पण पार होईल. तुमचं लागेल. तुमच्या घराण्यात कासार आता तुम्हीच."

"सही कुठे करायची?" निवृत्तीशेट म्हणाले. उभ्या आयुष्यात घासाघीस न करता त्यांनी केलेला हा पहिला व्यवहार.

"मला तुमच्याविषयी काही नाही हं शेटजी," मगर बाकावरून उतरताना म्हणाली. "माणूस म्हणून तुम्ही चांगले आहात. माल मात्र अलीकडे हलका यायला लागला होता."

"काच आता पूर्वीसारखी येत नाही," निवृत्तीशेट म्हणाले.

पंचमीच्या सकाळी ते मुराळी म्हणून लेकीला आणायला निंबगावला गेले. मुलं आजीपाशी ठेवायला सांगितली, का ते सांगितलं नाही. परतताना जाईबाईने नाव सोडली. अलीकडच्या काठावर इंगवले मॅडम छत्री आणि घड्याळ घेऊन उभ्या होत्या.

"बाबा, आज सणाच्या दिवशी पेटी कशाला बरोबर?" शालनने विचारलं. "घाटावरच दुकान मांडणार की काय?"

"पेटी लागते. गोष्टीत आहे."

"आपल्या गोष्टीत कुठे पेटी आहे?"

तेवढ्यात किणकिण ऐकू आली. नाव मध्यावर होती. मगर पाण्यातून वर आली आणि आडवी झाली.

"एक जीव द्या, तर वाट देते."

"कोणाचा?" जाईबाईने विचारलं, कारण नावाड्याने विचारायचं असतं.

"पेटीवाल्याचा."

शालन एका दमात बांगड्या उतरवायला लागली. घाईत दोन वाढल्या, मनगटाला रक्त आलं. "घे, या घे. सगळ्या घे. पेटीतल्या पण घे."

मगरीने तोंड फिरवलं. "नको गं बाई. आता नको."

निवृत्तीशेटनी लेकीचे दोन्ही हात धरून तिच्या मांडीवर ठेवले, आणि स्वतःचा उजवा हात नावेबाहेर पुढे केला. मूठ मात्र घट्ट वळलेली होती.

"शेटजी, हात सैल सोडा. माझा घसा काचेने सोललेला आहे."

"सुटत नाही हो," निवृत्तीशेट म्हणाले. त्यांना खरंच सोडवत नव्हता. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मुठी सोडवल्या."

"कशा?"

"गोष्ट सांगून."

मगरीने विचार केला. "मला एकच येते."

"सांगा."

"एक मगर होती," मगर म्हणाली. "तिला भूक लागली होती."

ती थांबली. नदी वाहत होती. जाईबाईने वल्हं धरून ठेवलं होतं.

"मग?" निवृत्तीशेट म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा हात सैल पडला.

मॅडमनी काठावरून वेळ लिहिली, दहा वाजून सात मिनिटं, आणि पुढे शेरा मारला, मुळाबरहुकूम. नाव पार झाली. दुसऱ्या दिवशी घाटाच्या गाळात कोसभर रंगीत काच सापडली, तेव्हा गावाने काही दिवस धुणं दुसरीकडे नेलं. मगर पलीकडच्या काठावर उन्हात पडून असायची. ती हलली तरी आवाज यायचा नाही.

तेराव्यानंतर शालनने दुकान उघडलं. नवरा म्हणाला, बंद कर, पण हात भरायचं काम ती बापाजवळच शिकली होती आणि श्रावण अजून सरला नव्हता. बायका आल्या. तिने गोष्ट खरी होती तशी सांगितली, कासारासकट, शेवटापर्यंत. पहिल्या दिवशी तीन बायकांच्या बांगड्या हातातच वाढल्या. दुसऱ्या दिवशी एकीने हात ओढून घेतला आणि तशीच उठून गेली. तिसऱ्या दिवशी ओट्यावर कोणी आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी इंगवले मॅडम आल्या. भाचीची मंगळागौर होती. बसल्या, हात पुढे केला. शालनने चवडा दाबून पाहिला आणि सांगायला सुरुवात केली. माहेरवाशीण निघाली, नाव मध्यावर आली, मगर म्हणाली, पेटीवाला द्या. मॅडमचा हात लाकडासारखा झाला. बांगडी सांध्यावर अडकली, अजून एक रेटा दिला असता तर वाढलीच असती.

शालन थांबली. हाताकडे बघत राहिली.

"मग?" मॅडमनी विचारलं. हात तसाच घट्ट होता.

"मग कासाराने पेटी उघडली," शालन म्हणाली. "होत्या नव्हत्या तेवढ्या बांगड्या पाण्यात टाकल्या. हिरव्या, मोरपंखी, सगळ्या. मगरीने गिळल्या आणि वाट दिली."

"आणि कासार?"

"कासार घरी आला. पाय धुतले. जेवला. म्हणाला, आज आमटीला मीठ कमी आहे."

मॅडमचा हात सैल पडला. बांगडी सांध्यावरून अलगद सरकली आणि मनगटात जाऊन बसली.

"हा पाठ नोंदवलाय?" थोड्या वेळाने मॅडमनी विचारलं.

"नाही."

नदीच्या बाजूने बारीक किणकिण ऐकू आली. दोघींनीही ऐकली. मॅडमनी दुसरा हात पुढे केला.